जर-तरचं इंग्रजी : ‘इफ’ची वाक्यं समजून घ्या आणि घोटवा

इंग्रजी व्याकरणाची बहुतेक पुस्तकं ‘इफ’च्या वाक्यांचा धडा एका तक्त्याने सुरू करतात. झीरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे चार रकाने, प्रत्येकात एक सूत्र आणि खाली एकेक उदाहरण. परीक्षेपुरता तक्ता पाठ होतो. पण बोलताना कुणी मनात तक्ता उघडून बसत नाही आणि उघडलाच, तर तोवर समोरच्याने विषय बदललेला असतो.

मराठी बोलणाऱ्याची खरी अडचण सूत्रांची नाही. ती कुठे आहे हे पाहायला ही दोन वाक्यं पुरेत.

‘माझ्याकडे आत्ता वेळ असता तर मी तुला मदत केली असती.’
‘माझ्याकडे काल वेळ असता तर मी तुला मदत केली असती.’

‘आत्ता’च्या जागी ‘काल’ आला, बाकी अक्षरही बदललं नाही. आता हीच दोन वाक्यं इंग्रजीत बघा.

‘इफ आय हॅड टाइम नाऊ, आय वुड हेल्प यू.’
‘इफ आय हॅड हॅड टाइम यस्टर्डे, आय वुड हॅव हेल्प्ड यू.’

इथे दोन्ही क्रियापदं बदलली. (‘हॅड हॅड’ ही छपाईची चूक नाही. पहिला ‘हॅड’ साहाय्यक, दुसरा ‘हॅव’चं तिसरं रूप.) मराठीचं ‘असता-असती’ आजच्या आणि कालच्या, दोन्ही कल्पनांना पुरतं. काळ कुठला, ते आपण संदर्भावरून ओळखतो. इंग्रजीत तो क्रियापदातच सांगावा लागतो. त्यामुळे आपण अडखळतो ते सेकंड (आत्ताची कल्पना) आणि थर्ड (होऊन गेलेल्याची कल्पना) यांच्यामधल्या उंबऱ्यावर, कारण मराठीत तिथे उंबराच नाही. या लेखाचा भर म्हणूनच तिथे आहे. बाकीच्या गोष्टी त्या मानाने सोप्या आहेत.

आधी वाक्याचे दोन तुकडे

शर्तीच्या कुठल्याही वाक्यात दोन भाग असतात : अट आणि परिणाम. ‘इफ’ अटीच्या तुकड्याला चिकटलेला असतो, आणि कुठला तुकडा आधी घ्यायचा ते तुमच्या मर्जीवर. ‘इफ इट रेन्स, वी विल स्टे इन’ किंवा ‘वी विल स्टे इन इफ इट रेन्स’. अट आधी आली तर मध्ये स्वल्पविराम द्यायचा, परिणाम आधी आला तर सहसा देत नाहीत. विरामचिन्हांचा नियम एवढाच.

एक बारीक फरक मात्र लक्षात ठेवावा. मराठीत आपण ‘जर’ सर्रास गाळतो, ‘तर’ गाळत नाही : ‘पाऊस आला तर घरी थांबू.’ इंग्रजीत बरोबर उलटं आहे. ‘इफ’ राहतो आणि ‘देन’ बहुतेक वेळा नसतो. प्रत्येक वाक्यात ‘इफ… देन…’ म्हणणारा माणूस चुकत नाही, पण ऐकणाऱ्याला गणिताची सिद्धता ऐकल्यासारखं वाटतं.

दोन प्रश्न आणि एक पायरी

वाक्य तोंडातून काढण्याआधी स्वतःला दोन गोष्टी विचारायच्या, आणि त्या प्रत्येक तुकड्यासाठी स्वतंत्रपणे.

पहिली : ही गोष्ट घडण्याजोगी आहे, की मी वस्तुस्थितीच्या विरुद्ध कल्पना करतो आहे?
दुसरी : ही गोष्ट कधीची आहे? आत्ताची, पुढची की होऊन गेलेली?

गोष्ट घडण्याजोगी असेल तर साधा काळ वापरायचा. निव्वळ कल्पना असेल तर क्रियापद एक पायरी मागे न्यायचं. वर्तमानाची कल्पना असेल तर भूतकाळाचं रूप, भूतकाळाची असेल तर ‘हॅड’ आणि तिसरं रूप. परिणामाच्या तुकड्यात ‘विल’चा ‘वुड’ होतो, ‘कॅन’चा ‘कुड’ होतो आणि घटना होऊन गेलेली असेल तर त्यापुढे ‘हॅव’ आणि तिसरं रूप लागतं. चार रकान्यांचा सगळा तक्ता या एका पायरीतून निघतो.

वर्तमानाबद्दल बोलताना भूतकाळाचं रूप का, म्हणून पुष्कळजण थबकतात. पण मराठीतही आपण हेच करतो. ‘समजा उद्या तो आलाच नाही, तर?’ यात ‘आला नाही’ हे रूप भूतकाळाचं आहे आणि बोलणं उद्याचं चाललं आहे. तिथे कुणाचा गोंधळ होत नाही. इंग्रजीत हे मागचं रूप काळ सांगत नाही, ते सांगतं की ही गोष्ट खऱ्या जगापासून दूर आहे.

नेहमी खरं असलेलं

हे चटकन उरकू. ‘इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.’ दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. निसर्गनियम, यंत्रांचं वागणं, माणसांच्या सवयी या रकान्यात येतात : ‘इफ आय ड्रिंक कॉफी ॲट नाइट, आय डोंट स्लीप.’ समुद्रसपाटीला पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं आणि उंचीवर त्याहून कमी तापमानाला. ते असं सांगता येईल : ‘इफ यू गो हायर, वॉटर बॉइल्स ॲट अ लोअर टेम्परेचर.’

ओळखायची खूण मराठीतच आहे. वाक्य ‘की’ने सहज होत असेल आणि शेवटचं क्रियापद रीत सांगत असेल (‘बर्फ तापवला की वितळतो’), तर तो हा प्रकार, आणि इथे ‘इफ’च्या जागी ‘व्हेन’ही चालतं. मात्र ‘ती आली की सांगते’ यातला ‘की’ वेगळा. तिथे येणं नक्की आहे, त्यामुळे इंग्रजीत ‘इफ’ नाही, फक्त ‘व्हेन’ : ‘व्हेन शी कम्स, आय विल टेल हर.’ इथे ‘इफ’ म्हटलंत, तर ती येईल की नाही याची तुम्हाला शंका आहे असा अर्थ निघतो.

पुढे घडू शकणारं

‘इफ इट रेन्स टुमॉरो, दे विल कॅन्सल द मॅच.’ उद्याची गोष्ट आहे, पण अटीच्या तुकड्यात ‘विल’ नाही. मराठी माणसाच्या इथे दोन ठरलेल्या चुका होतात. एकजण तर्काने जातो : उद्याचं आहे म्हणजे भविष्यकाळ, म्हणून ‘इफ इट विल रेन’. दुसरा ‘पडला तर’ यातला ‘पडला’ जसाच्या तसा उचलतो आणि ‘इफ इट रेन्ड’ म्हणतो. दुसऱ्याचं वाक्य व्याकरणात बसतं, पण अर्थ सरकतो : पाऊस पडेलसं वाटत नाही, नुसती कल्पना करतो आहे, असं ऐकू येतं. शिवाय मग पुढे ‘विल’ जुळत नाही, ‘वुड’ लागतं.

भविष्याचं ओझं परिणामाचा तुकडा एकटा वाहतो. अटीत साधा वर्तमानकाळ. हाच नियम ‘व्हेन’, ‘अनटिल’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘ॲज सून ॲज’ यांनाही लागू आहे. त्यामुळे तो एकदा नीट बसवला की पाच-सहा ठिकाणच्या चुका एकदम जातात. सोबत ‘ही, शी, इट’पुढच्या ‘एस’वर लक्ष ठेवा. ‘इफ शी कम’ ही चूक चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांकडूनही होते, कारण सगळं लक्ष ‘विल’ टाळण्यात गेलेलं असतं.

आता तक्ता जिथे दिशाभूल करतो ते बघू. सूत्रात ‘इफ अधिक साधा वर्तमान, विल अधिक मूळ रूप’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात अटीत वर्तमानाची बाकीची रूपंही येतात : ‘इफ यू हॅव फिनिश्ड, यू कॅन गो.’ ‘इफ यू आर वेटिंग फॉर द डॉक्टर, प्लीज सिट हिअर.’ परिणामातही ‘विल’च हवं असं नाही. ‘कॅन’, ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’ चालतात आणि थेट आज्ञाही चालते : ‘इफ यू सी हर, टेल हर टु कॉल मी.’ रोजच्या बोलण्यात या आज्ञेच्या वाक्यांची फार गरज पडते, आणि पुस्तकांतले सराव त्यांच्याकडे सहसा बघतही नाहीत.

अटीत ‘विल’ कधीच येत नाही असंही नाही. ‘इफ यू विल वेट हिअर, आय विल कॉल द मॅनेजर’ हे वाक्य शुद्ध आहे. तिथला ‘विल’ भविष्याचा नसून तयारीचा आहे : आपण थांबायला तयार असाल तर. ते सभ्य विनंतीचं इंग्रजी आहे. ओळख असू द्या, पण साधा नियम पक्का होईपर्यंत स्वतः वापरू नका.

आत्ताची कल्पना

‘इफ आय न्यू हर नंबर, आय वुड कॉल हर.’ मला तिचा नंबर माहीत नाही. माहीत असता तर केला असता फोन, आत्ता. पायरीचा नियम लावा : ‘नो’चं ‘न्यू’, ‘विल’चं ‘वुड’. ‘वुड’पुढे क्रियापदाचं मूळ रूप येतं, ‘वुड कॉल्ड’ नाही.

हा प्रकार ओळखायला वाक्याच्या शेवटी मनात ‘पण नाही ना!’ जोडून बघायचं. ‘मला वेळ असता… पण नाही ना!’ बसतं. ‘पाऊस पडला तर… पण नाही ना!’ बसत नाही, कारण पडेलही. जोडता आलं की क्रियापद एक पायरी मागे.

‘टु बी’चं रूप इथे सगळ्या कर्त्यांना ‘वेअर’ असतं : ‘इफ आय वेअर’, ‘इफ ही वेअर’. इंग्रजीत एकेकाळी अशा कल्पनांसाठी क्रियापदाची वेगळी रूपं होती. बहुतेक झिजून गेली, हे एक टिकलं. बोलताना इंग्रजी मातृभाषेचे लोकही सर्रास ‘इफ आय वॉज’ म्हणतात आणि त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही. पण परीक्षेत, अर्जात, औपचारिक लिखाणात ‘वेअर’च लिहा. ‘इफ आय वेअर यू’ म्हणजे ‘मी तुझ्या जागी असतो तर’ हा तर ठरलेला प्रयोग आहे, तो तसाच्या तसा तोंडात बसवावा.

काही वेळा कुठलं रूप घ्यायचं हे वस्तुस्थितीवर नाही, बोलणाऱ्याच्या मनावर असतं. ‘इफ दे ऑफर मी द जॉब, आय विल टेक इट’ म्हणणाऱ्याला नोकरी मिळेलसं वाटतं. ‘इफ दे ऑफर्ड मी द जॉब, आय वुड टेक इट’ म्हणणाऱ्याला फारशी आशा नाही, किंवा आशा आहे आणि ती दाखवायची नाही. दोघांचा अर्ज एकच असू शकतो. विनंतीतला मऊपणाही याच अंतरातून येतो : ‘वुड इट बी ऑल राइट इफ आय केम लेटर?’ यात ‘केम’ भूतकाळाचा नाही. तो हक्काने न मागता अदबीने विचारण्यासाठी आहे.

होऊन गेलेल्याची कल्पना

‘इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ तू सांगितलं नाहीस, मी आलो नाही आणि आता त्यात काही बदलणार नाही. अटीत ‘हॅड’ आणि तिसरं रूप, परिणामात ‘वुड हॅव’ आणि तिसरं रूप. ‘वुड’ऐवजी ‘कुड हॅव’ म्हणजे येऊ शकलो असतो, ‘माइट हॅव’ म्हणजे कदाचित आलो असतो.

इथल्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली, ‘वुड हॅड’. कालचं आहे म्हणून ‘हॅव’चं ‘हॅड’ करायचा मोह होतो, पण ‘वुड’, ‘कुड’, ‘माइट’ यांच्यापुढे ‘हॅव’ कधीच बदलत नाही. दुसरी, तिसऱ्या रूपाऐवजी दुसरं : ‘हॅव केम’, ‘हॅव वेंट’, ‘हॅड सॉ’, ‘हॅव रोट’. बरोबर रूपं अनुक्रमे ‘कम’, ‘गॉन’, ‘सीन’, ‘रिटन’. हा गोंधळ असेल तर दोष शर्तीच्या वाक्याचा नाही. अनियमित क्रियापदांची यादी पुन्हा घोटायला हवी, दुसरा उपाय नाही. तिसरी, ‘इफ आय वुड हॅव नोन’. ही अमेरिकी बोलण्यात ऐकू येते, त्यामुळे बरोबर असावी असं वाटतं. लिहिताना ती टाळायचीच : ‘वुड’ परिणामात, ‘हॅड’ अटीत.

होकार-नकाराची उलटापालट हे या प्रकाराचं खरं काम आहे. जे घडलं ते अटीत नकारार्थी होतं, जे घडलं नाही ते होकारार्थी. याचा सराव ‘बिकॉज’च्या वाक्यांवरून उत्तम होतो.

घडलेलं : ‘शी डिडंट कम बिकॉज शी वॉज इल.’
उलटवलेलं : ‘इफ शी हॅडंट बीन इल, शी वुड हॅव कम.’

घडलेलं : ‘वी मिस्ड द ट्रेन बिकॉज वी लेफ्ट लेट.’
उलटवलेलं : ‘इफ वी हॅडंट लेफ्ट लेट, वी वुडंट हॅव मिस्ड द ट्रेन.’

दुसऱ्या जोडीत दोन्ही तुकडे होकारार्थी होते, म्हणून दोन्ही नकारार्थी झाले. ‘इफ वी हॅड लेफ्ट अर्लिअर, वी वुड हॅव कॉट द ट्रेन’ हेही तितकंच बरोबर, आणि कानाला जास्त बरं लागतं.

उंबऱ्यावरचं एक वाक्य, सावकाश

आता एक वाक्य जवळून बघू.

‘तू सकाळी फोन चार्ज केला असतास तर आपल्याला आत्ता नकाशा बघता आला असता.’

दोन्हीकडे ‘असतास… असता’ आहे, म्हणजे मराठी रूपाकडून काही मदत नाही. तुकडे वेगळे करू. अट फोन चार्ज करण्याची. केला का? नाही, म्हणजे कल्पना. कधीचं? सकाळचं, होऊन गेलेलं. म्हणून ‘हॅड चार्ज्ड’. परिणाम नकाशा बघण्याचा. बघतो आहोत का? नाही, हीही कल्पना. पण कधीची? आत्ताची. म्हणून ‘कॅन’ एक पायरी मागे, ‘कुड लुक’. ‘कुड हॅव लुक्ड’ नाही.

‘इफ यू हॅड चार्ज्ड युवर फोन धिस मॉर्निंग, वी कुड लुक ॲट द मॅप नाऊ.’

पुस्तकं याला मिक्स्ड कंडिशनल म्हणतात आणि शेवटच्या पानावर, अवघड म्हणून, वेगळा धडा देतात. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्रपणे काळ विचारायची सवय असेल तर यात वेगळं शिकण्यासारखं काहीच उरत नाही. उलट दिशेचं मिश्रणही असंच होतं : ‘इफ ही वेअर मोअर केअरफुल, ही वुडंट हॅव लॉस्ट द कीज.’ वेंधळेपणा त्याचा कायमचा, म्हणून ‘वेअर’. किल्ल्या हरवल्या काल, म्हणून ‘वुडंट हॅव लॉस्ट’. सगळीकडे दोन्ही तुकडे एकाच साच्यातले असायला हवेत हा गैरसमज तक्त्यानेच पसरवला आहे.

वाक्यात ‘आत्ता’ किंवा ‘काल’ नसेल तर मनातल्या मनात दोन्ही घालून बघायचं. ‘असता’च्या प्रत्येक वाक्याला हे केलं की इंग्रजी रूप आपोआप ठरतं.

‘अनलेस’ आणि त्याचं गणगोत

‘अनलेस’मध्ये नकार आधीच आहे. त्याचा अर्थ ‘जर नाही तर’. मराठीत आपण म्हणतो, ‘जोपर्यंत तुम्ही सही करत नाही तोपर्यंत अर्ज पुढे जाणार नाही.’ यात ‘नाही’ दोनदा आहे. ते दोन्ही इंग्रजीत नेले की ‘अनलेस यू डोंट साइन’ असं वाक्य तयार होतं आणि त्याचा अर्थ नेमका उलटा होतो. बरोबर वाक्य : ‘अनलेस यू साइन, द ॲप्लिकेशन वोंट गो अहेड.’ ‘अनटिल’बाबतही हीच दक्षता घ्यायची. शिवाय ‘इफ नॉट’च्या जागी दर वेळी ‘अनलेस’ बसत नाही. ‘आय विल बी सरप्राइज्ड इफ ही डझंट कम’ याचं ‘अनलेस’मध्ये रूपांतर करू नका. तो न येणं हेच आश्चर्याचं कारण आहे. ‘अनलेस’ला अपवाद सांगायचा असतो, कारण नव्हे.

‘इन केस’ म्हणजे ‘इफ’ नव्हे. ‘टेक ॲन अम्ब्रेला इन केस इट रेन्स’ : पाऊस लागेल न लागेल, छत्री आधीच घेऊन ठेवा. ‘यूज द अम्ब्रेला इफ इट रेन्स’ : पाऊस आला तर उघडा. ‘प्रोव्हायडेड’ आणि ‘ॲज लाँग ॲज’ म्हणजे ‘या अटीवर’. पहिला औपचारिक, दुसरा रोजचा. ‘ईव्हन इफ’ म्हणजे ‘तरीही’ची अट : ‘ईव्हन इफ दे इन्व्हाइट मी, आय वोंट गो.’ या सगळ्यांच्या पुढेही ‘विल’ येत नाही.

‘आय विश’ हा याच घराण्यातला. त्याच्यापुढेही तीच एक पायरी : ‘आय विश आय न्यू’ म्हणजे आत्ता माहीत असतं तर बरं झालं असतं, ‘आय विश आय हॅड नोन’ म्हणजे तेव्हा माहीत असतं तर.

औपचारिक लिखाणात ‘इफ’ गाळून क्रियापद पुढे आणतात : ‘हॅड आय नोन’, ‘शुड यू नीड एनी हेल्प’, ‘वेअर आय टु रिझाइन’. अर्थ तोच, थाट मोठा. नकार असेल तर ‘नॉट’ सुटा राहतो : ‘हॅड आय नॉट सीन इट’. ‘हॅडंट आय सीन इट’ म्हटलं की प्रश्नच होतो. वाचताना ओळखता आलं पाहिजे. बोलताना मात्र मित्राला ‘हॅड आय नोन’ ऐकवायची गरज नाही.

कानाचं काम

शिकणाऱ्याला ‘वुड हॅव’ ऐकूच येत नाही, कारण बोलणारे तसं म्हणतच नाहीत. ते ‘वुडव्ह’ म्हणतात, घाईत ‘वुडा’. इंग्रजी मातृभाषेचेही काहीजण हे ऐकून ‘वुड ऑफ’ असं चुकीचं लिहितात. त्याहून अवघड ‘आयड’. तो ‘आय हॅड’ही असतो आणि ‘आय वुड’ही. पुढचं क्रियापद बघायचं : ‘आयड नोन’मध्ये तिसरं रूप आहे, म्हणजे ‘हॅड’. ‘आयड नो’मध्ये मूळ रूप आहे, म्हणजे ‘वुड’. ‘कम’, ‘पुट’सारख्या क्रियापदांची दोन्ही रूपं सारखीच असतात. तिथे ‘आयड’ अटीच्या तुकड्यात आहे की परिणामाच्या, एवढं पाहिलं की बहुधा उलगडतं. ‘इफ आयड नोन, आयडव्ह कम’ हे वाक्य मोठ्याने, वेगात, जीभ वळेपर्यंत म्हणून बघा. तोंडाने स्वतः केलेला आवाज कानाला लवकर ओळखू येतो.

सराव कसा करायचा

गाळलेल्या जागा भरण्याचे सराव मर्यादित कामाचे. तिथे एक तुकडा आयता मिळतो आणि दुसरा त्याच्या साच्यावरून ठरतो, म्हणजे मुख्य निर्णय तुम्ही घेतच नाही. मी सुचवेन ते असं.

दिवसातली एक खरी घटना घ्या आणि तिच्यावर तीन वाक्यं करा. समजा मीटिंगला उशीर झाला. सकाळी, निघण्याआधीचं वाक्य : ‘इफ आय लीव्ह नाऊ, आय विल बी ऑन टाइम.’ वाटेत, अडकलेलं असताना : ‘इफ द रोड वेअर क्लिअर, आय वुड बी देअर बाय नाऊ.’ संध्याकाळी, सगळं झाल्यावर : ‘इफ आय हॅड लेफ्ट अर्लिअर, आय वुडंट हॅव बीन लेट.’ एकाच प्रसंगाकडे तीन वेळांवरून पाहिलं की रूपं सूत्रातून नाही, परिस्थितीतून येऊ लागतात.

दुसरा सराव साखळीचा. पहिल्या वाक्याचा परिणाम दुसऱ्याची अट करायचा : ‘इफ आय हॅड सेट द अलार्म, आय वुड हॅव वोकन अप. इफ आय हॅड वोकन अप, आय वुड हॅव कॉट द बस. इफ आय हॅड कॉट द बस…’ पुढे कितीही नेता येते. यात प्रत्येक क्रियापद एकदा ‘वुड हॅव’पुढे आणि एकदा ‘हॅड’पुढे येतं, त्यामुळे तिसरं रूप आपसूक घोटलं जातं. दोघांनी आळीपाळीने केली तर गंमतही येते.

आता ही वाक्यं इंग्रजीत करून बघा. खालची उत्तरं आधी वाचू नका.

1. लिफ्ट बंद असेल तर जिन्याने या.
2. तो आला की आपण निघू.
3. पासवर्ड तीनदा चुकला की खातं बंद होतं.
4. तू आठवण करून दिली नसतीस तर मी विसरलोच असतो.
5. जोपर्यंत ते पत्र पाठवत नाहीत तोपर्यंत आपण काही करू शकत नाही.
6. मी तुझ्या जागी असते तर गप्प बसले नसते.
7. मला पोहता येत असतं तर मी तुमच्याबरोबर आलो असतो.

पहिलं : ‘इफ द लिफ्ट इजंट वर्किंग, टेक द स्टेअर्स.’ ‘असेल’ला फसून ‘विल’ घालायचा नाही.

दुसरं : ‘व्हेन ही कम्स, वी विल लीव्ह.’ येणार हे नक्की, म्हणून ‘इफ’ नाही.

तिसरं : ‘इफ यू एंटर द राँग पासवर्ड थ्री टाइम्स, द अकाउंट लॉक्स.’ इथे ‘की’ रीत सांगतो. ‘पासवर्ड चुकला’ शब्दशः नेऊ नका, इंग्रजीत पासवर्ड चुकत नाही, माणूस चुकीचा टाकतो.

चौथं : ‘इफ यू हॅडंट रिमाइंडेड मी, आय वुड हॅव फरगॉटन.’ आठवण करून दिली, विसरलो नाही. दोन्ही होऊन गेलेलं.

पाचवं : ‘अनलेस दे सेंड द लेटर, वी कांट डू एनिथिंग.’ ‘अनटिल’ही चालेल. नकार फक्त परिणामात.

सहावं दोन तऱ्हांनी होतं. मैत्रिणीला आत्ता सल्ला देत असाल तर ‘इफ आय वेअर यू, आय वुडंट कीप क्वाएट’. कालच्या भांडणाबद्दल बोलत असाल तर ‘इफ आय हॅड बीन यू, आय वुडंट हॅव केप्ट क्वाएट’. या दुसऱ्या प्रसंगात अटीत ‘वेअर’ ठेवलं तरी चालतं, कारण मी तू नाही हे कालही खरं होतं आणि आजही आहे.

सातवंही तसंच. सगळे आत्ता पाण्यात उतरायला निघाले असतील तर ‘इफ आय कुड स्विम, आय वुड कम विथ यू’. ते गेल्या रविवारी जाऊन आले असतील तर ‘इफ आय कुड स्विम, आय वुड हॅव कम विथ यू’. परिणाम बदलला, अट तीच राहिली, कारण पोहता अजूनही येत नाही. मधल्या काळात शिकला असाल तर मात्र अटही मागे जाईल : ‘इफ आय हॅड बीन एबल टु स्विम देन’.